वेब-बोगद्यातून दूरस्थ डेटाबेसशी जोडणी : तंत्र, मर्यादा आणि जबाबदारी

प्रास्ताविक

महाविद्यालयांचे प्रवेश, परीक्षा, ग्रंथालय आणि शिष्यवृत्ती यांच्या नोंदी आता वहीत कमी आणि डेटाबेसमध्ये अधिक असतात. डेटाबेस म्हणजे ठरावीक रचनेत साठवलेली आणि प्रश्न विचारून हवी तशी काढता येणारी माहिती. छोट्या संस्थांच्या बाबतीत हा डेटाबेस बहुधा महाविद्यालयाच्या इमारतीत नसतो. संकेतस्थळासाठी भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर, म्हणजे शेकडो किंवा हजारो मैलांवरील एखाद्या संगणकावर, तो ठेवलेला असतो. पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील महाविद्यालयाच्या कार्यालयात बसलेल्या अध्यापकाला किंवा लिपिकाला त्या नोंदी पाहायच्या झाल्या, तर संगणक आणि डेटाबेस यांच्यामध्ये वाट लागते. ही वाट अनेकदा बंद असते. ती वेबच्या मार्गाने उघडण्याच्या तंत्राला वेब-बोगदा किंवा एचटीटीपी टनेल असे म्हणतात.

प्रस्तुत लेखात या तंत्राची कार्यपद्धती, त्याच्या मर्यादा, त्यातील धोके आणि घ्यावयाची दक्षता यांचा परिचय करून दिला आहे. कम्युनिटी कॉलेजमध्ये संगणक विषय शिकवणाऱ्या अध्यापकांना अध्यापन आणि कार्यालयीन काम या दोन्हींसाठी त्याचा उपयोग व्हावा, अशी अपेक्षा आहे.

अडचण कोठे निर्माण होते?

इंटरनेटवरील प्रत्येक सर्व्हरला एक पत्ता असतो आणि त्या पत्त्यावर क्रमांक दिलेली अनेक दारे असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. वेब-पाने ८० क्रमांकाच्या दारातून आणि सांकेतिक संरक्षण असलेली वेब-पाने ४४३ क्रमांकाच्या दारातून ये-जा करतात. मायएसक्यूएल या लोकप्रिय डेटाबेसचे दार ३३०६, पोस्टग्रेएसक्यूएलचे ५४३२, तर ओरॅकलचे १५२१ असे ठरलेले आहे.

डेटाबेसचे दार साऱ्या जगासाठी उघडे ठेवणे धोक्याचे असते. म्हणून होस्टिंग पुरवणाऱ्या कंपन्या सामायिक सर्व्हरवर ३३०६ हे दार बाहेरून बहुधा बंद ठेवतात. दुसऱ्या बाजूला, महाविद्यालयातील किंवा शासकीय जाळ्यातील फायरवॉलही ८० आणि ४४३ वगळता इतर दारांतून बाहेर जाऊ देईलच असे नाही. याखेरीज आणखी एक पहारा असतो. मायएसक्यूएलमध्ये वापरकर्त्याची ओळख केवळ नाव आणि पासवर्ड यांवरून ठरत नाही. तो कोणत्या संगणकावरून आला हेही पाहिले जाते. ज्या खात्याला फक्त ‘लोकलहोस्ट’वरून, म्हणजे त्याच सर्व्हरवरून, प्रवेशाची परवानगी आहे, ते खाते बाहेरच्या संगणकावरून योग्य पासवर्ड दिला तरी चालत नाही.

परिणामी, संकेतस्थळ सुरळीत चालते, त्यावरील अर्ज भरता येतो, परंतु त्या अर्जांचा डेटाबेस पेडण्याच्या कार्यालयातून थेट उघडता येत नाही.

वेब-बोगद्याची कार्यपद्धती

वेब-बोगद्याची कल्पना सोपी आहे. डेटाबेसचे दार बंद असले तरी वेबचे दार उघडे आहे. तेव्हा डेटाबेसला विचारायचा प्रश्न वेबच्या विनंतीत गुंडाळून पाठवावा, सर्व्हरवर ठेवलेल्या एका छोट्या प्रोग्रामने तो उलगडून डेटाबेसला विचारावा आणि उत्तर त्याच वेब-मार्गाने परत पाठवावे. हा छोटा प्रोग्राम, म्हणजे स्क्रिप्ट, बहुतेक वेळा पीएचपी भाषेत लिहिलेला असतो.

ही सोय अनेक प्रचलित साधनांत आहे. बंगळूरच्या वेबयोग या कंपनीने तयार केलेल्या एसक्यूएलयोग या साधनात ती होती. पुढे हे साधन आयडेरा या अमेरिकन कंपनीकडे गेले. हाँगकाँगच्या प्रीमियमसॉफ्ट कंपनीच्या नॅव्हिकॅट या साधनासोबतही बोगद्याची तयार स्क्रिप्ट मिळते.

एका प्रश्नाचा प्रवास पुढील टप्प्यांनी होतो.

(१) कार्यालयातील साधनात वापरकर्ता प्रश्न लिहितो. उदाहरणार्थ, पेडणे तालुक्यातील सर्व विद्यार्थ्यांची नावे दाखव.

(२) साधन तो प्रश्न, डेटाबेसचे नाव, वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड ही सर्व माहिती एका वेब-विनंतीत भरून स्क्रिप्टच्या पत्त्यावर पाठवते.

(३) वेब-सर्व्हर ही विनंती स्क्रिप्टकडे देतो. फायरवॉलच्या दृष्टीने हे एखादा अर्ज भरून पाठवण्यासारखेच असते.

(४) स्क्रिप्ट डेटाबेसशी जोडणी करते. ती त्याच सर्व्हरवर असल्याने तिच्यासाठी डेटाबेसचा पत्ता ‘लोकलहोस्ट’ असतो आणि तेथील पहारा तिला अडवत नाही.

(५) डेटाबेसचे उत्तर घेऊन स्क्रिप्ट ते वेब-प्रतिसादाच्या रूपाने परत पाठवते आणि डेटाबेसशी केलेली जोडणी बंद करते.

(६) कार्यालयातील साधन हे उत्तर तक्त्याच्या रूपात दाखवते.

वापरकर्त्याला डेटाबेस आपल्याच संगणकावर असल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक प्रश्नागणिक एक पत्र जाते आणि एक उत्तर येते.

प्रत्यक्ष मांडणी

मांडणीच्या पायऱ्या थोड्या आहेत. साधनासोबत आलेली स्क्रिप्ट संकेतस्थळाच्या एखाद्या स्वतंत्र फोल्डरमध्ये चढवावी. ब्राउझरमध्ये तिचा पत्ता उघडून ती चालते की नाही हे पाहावे. नॅव्हिकॅटची स्क्रिप्ट अशा वेळी तपासणीचे एक पान दाखवते. त्यानंतर साधनात नवी जोडणी तयार करताना एचटीटीपी टनेलचा पर्याय निवडून स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता द्यावा.

येथे नवशिक्यांची एक चूक वारंवार होते. ‘होस्ट’ या रकान्यात ते संकेतस्थळाचे नाव लिहितात. वस्तुतः हा पत्ता कार्यालयातील संगणकाच्या नव्हे, तर स्क्रिप्टच्या दृष्टीने लिहायचा असतो. डेटाबेस त्याच सर्व्हरवर असेल तर तेथे ‘लोकलहोस्ट’ असेच लिहावे लागते.

दुसरी अडचण वेब-सर्व्हरवरील सुरक्षा-चाळणीची असते. विनंतीत डेटाबेसच्या आज्ञांसारखे शब्द दिसले की ती विनंती हल्ला समजून नाकारली जाते. यासाठी प्रश्न बेस-६४ या पद्धतीने रूपांतरित करून पाठवण्याची सोय साधनांत असते. मात्र बेस-६४ ही केवळ अक्षरांची अदलाबदल आहे. ते कुलूप नव्हे. रूपांतरित मजकूर कोणीही क्षणात मूळ रूपात आणू शकतो.

तांत्रिक मर्यादा

पहिली मर्यादा स्मरणाची. एचटीटीपी हा प्रोटोकॉल आधीची विनंती लक्षात ठेवत नाही. प्रत्येक विनंतीबरोबर डेटाबेसची जोडणी नव्याने होते आणि संपते. त्यामुळे अनेक विनंत्यांत पसरलेला व्यवहार, म्हणजे ‘सर्व बदल एकत्र पक्के करा अथवा सर्व रद्द करा’ अशी प्रक्रिया, बोगद्यातून विश्वासाने करता येत नाही. तात्पुरते तक्ते आणि जोडणीपुरती साठवलेली मूल्येही पुढच्या विनंतीपर्यंत टिकत नाहीत. फीच्या रकमा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वळवण्यासारखे काम या मार्गाने करू नये, याचे कारण हेच.

दुसरी मर्यादा वेळ आणि आकार यांची. पीएचपीमध्ये स्क्रिप्टला चालण्यासाठी मूळ मांडणीनुसार ३० सेकंद मिळतात आणि पाठवायच्या मजकुराची मर्यादा ८ मेगाबाइट असते. होस्टिंग कंपनी या मर्यादा बदलू शकते. परंतु हजारो नोंदींची आयात मध्येच तुटण्याचा संभव राहतोच. अर्धवट आयात ही न झालेल्या आयातीपेक्षा अधिक त्रासदायक असते.

तिसरी मर्यादा लिपीची असून मराठी व उर्दू नावे नोंदवणाऱ्या संस्थांना ती विशेष जाणवते. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट्स आणि उर्दूचे एक अक्षर २ बाइट्स घेते. डेटाबेस, स्क्रिप्ट आणि कार्यालयातील साधन या तिघांनी एकच संकेतन पद्धत मानली तरच नाव जसेच्या तसे पोहोचते. २०१८ मध्ये आलेल्या मायएसक्यूएल ८.० पूर्वीच्या आवृत्त्यांत मूळ मांडणी लॅटिन-१ ची होती. अशा जुन्या डेटाबेसमधून ‘पेडणे’ऐवजी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. केवळ पाहताना हे घडले तर नुकसान नाही. परंतु तीच प्रश्नचिन्हे पुन्हा साठवली गेली, तर मूळ नाव कायमचे नष्ट होते. म्हणून लेखन करण्यापूर्वी दोन-तीन नावे वाचून पाहणे आवश्यक ठरते.

खिडकी आणि बोगदा यांतील भेद

बोगद्याचे खरे स्वरूप समजण्यासाठी त्याची तुलना गोव्यातील एका परिचित सेवेशी करता येईल. जमिनीचा नमुना १ व १४, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेला एक-चौदाचा उतारा, गोवा शासनाच्या भूमी अभिलेख विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येतो. धारगळच्या किंवा मयेच्या शेतकऱ्याने तालुका, गाव, सर्व्हे क्रमांक आणि उपविभाग क्रमांक निवडला की त्या तुकड्याची नोंद त्याच्यासमोर येते. येथेही मागे डेटाबेस आहे, मध्ये वेब आहे आणि प्रश्न विचारणारा दूर बसलेला आहे.

तरीही हा बोगदा नव्हे, ही खिडकी आहे. कोणता प्रश्न विचारता येईल हे खिडकीमागच्या प्रोग्रामने आधीच ठरवलेले असते. नागरिक फक्त रिकाम्या जागा भरतो. ‘सर्व नोंदी पुसून टाक’ असा प्रश्न तेथे लिहिण्याची जागाच नसते. बोगद्यात मात्र वापरकर्ता जो प्रश्न लिहील तो जसाच्या तसा डेटाबेसपर्यंत जातो. वाचणे, बदलणे, पुसणे यांपैकी काय होईल हे बोगदा ठरवत नाही. ते फक्त डेटाबेसमधील खात्याच्या अधिकारांवर अवलंबून राहते.

या भेदातून एक व्यावहारिक निकष मिळतो. तेच ते दोन-तीन प्रश्न अनेकांना रोज विचारायचे असतील, तर खिडकी बांधावी. नाना प्रकारचे प्रश्न एका जबाबदार व्यक्तीला क्वचित विचारायचे असतील, तरच बोगद्याचा विचार करावा.

धोके

बोगदा उघडताना डेटाबेसभोवतीचा एक पहारा नकळत निकामी होतो. डेटाबेसला प्रत्येक प्रश्न ‘लोकलहोस्ट’वरून आल्यासारखा दिसतो. त्यामुळे डेटाबेसच्या नोंदवहीत प्रश्न विचारणारा डिचोलीत होता की परदेशात, हे कळत नाही. त्याचा माग फक्त वेब-सर्व्हरच्या नोंदवहीत राहतो आणि ती नोंदवही छोट्या संस्थांत क्वचितच वाचली जाते.

दुसरा धोका वाटेतील चोरीचा. स्क्रिप्टचा पत्ता साध्या एचटीटीपीचा असेल, तर प्रत्येक विनंतीबरोबर पासवर्ड उघडा प्रवास करतो.

तिसरा धोका विसरलेल्या स्क्रिप्टचा. तयार स्क्रिप्टची मूळ नावे सर्वांना ठाऊक असतात आणि त्या नावांनी संकेतस्थळे धुंडाळणारे प्रोग्राम इंटरनेटवर फिरत असतात. काही स्क्रिप्ट कोणत्या सर्व्हरशी जोडायचे हेही येणाऱ्या विनंतीवरूनच ठरवतात. अशी स्क्रिप्ट सापडलेला अनोळखी माणूस तिच्याआडून वेगवेगळे पासवर्ड वापरून पाहू शकतो, इतर सर्व्हरवरही. त्यांना हल्ला महाविद्यालयाच्या पत्त्यावरून आलेला दिसतो. सर्व्हरवर गुपचूप ठेवलेल्या अशाच प्रकारच्या स्क्रिप्ट, ज्यांना वेबशेल म्हणतात, हल्लेखोरांचे आवडते साधन आहे. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाच्या सुरक्षा यंत्रणांनी एप्रिल २०२० मध्ये त्यांविषयी संयुक्त मार्गदर्शिका काढली होती. प्रशासकाने सोयीसाठी ठेवलेला बोगदा आणि चोराने ठेवलेला बोगदा यांची रचना फारशी वेगळी नसते. वेगळी असते ती देखरेख.

नोंदी कोणाच्या?

महाविद्यालयाच्या डेटाबेसमध्ये विद्यार्थ्याचे नाव, पत्ता, धर्म, कुटुंबाचे उत्पन्न, आधार क्रमांक आणि बँक खाते असते. शिष्यवृत्तीसाठी हे सर्व द्यावेच लागते. २०२३ मध्ये केंद्रीय अल्पसंख्याक व्यवहार मंत्रालयाच्या चौकशीत अल्पसंख्याक शिष्यवृत्तीशी संबंधित १५७२ संस्थांपैकी ८३० संस्था बनावट किंवा बंद असल्याचे आढळले आणि प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवले गेले. विद्यार्थ्यांच्या नावावर येणाऱ्या पैशाकडे किती जणांचे लक्ष असते हे त्यावरून दिसते. त्या पैशाची वाट विद्यार्थ्यांच्या नोंदींमधूनच जाते.

कायद्याची चौकटही घट्ट झाली आहे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती ती लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे अपेक्षित आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये वाजवी सुरक्षा-उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

दंडाच्या भीतीपेक्षा जुना आणि बळकट असा एक आधार मुस्लिम समाजाच्या शिक्षणसंस्थांपाशी आहे. तो म्हणजे अमानत. दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेली वस्तू त्याच्या परवानगीशिवाय वापरू नये, दुसऱ्याच्या हाती जाऊ देऊ नये आणि काम संपताच परत करावी, हा अमानतीचा अर्थ घराघरांत ठाऊक आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जावर मुलीने लिहिलेला वडिलांच्या उत्पन्नाचा आकडा ही अशीच ठेव होय. बोगद्याची किल्ली ज्याच्या हाती, तो त्या ठेवीचा राखणदार ठरतो.

घ्यावयाची दक्षता

(१) बोगद्याचा पत्ता एचटीटीपीएसचाच असावा. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून २०१५ च्या अखेरीपासून सुरक्षा-प्रमाणपत्र मोफत मिळत असल्याने खर्चाची सबब उरत नाही.

(२) स्क्रिप्टच्या फोल्डरला वेब-सर्व्हरचा स्वतंत्र पासवर्ड लावावा. ठरावीक पत्त्यांनाच प्रवेश देणे अधिक चांगले. परंतु घरगुती ब्रॉडबँडचा पत्ता बदलत राहतो आणि मोबाइल जोडणीत एकच पत्ता अनेकांत वाटला जातो, हे लक्षात घ्यावे.

(३) डेटाबेसमध्ये बोगद्यासाठी वेगळे खाते काढावे आणि त्याला फक्त वाचनाचा अधिकार द्यावा. त्यातही मूळ तक्त्यांऐवजी आधार व बँक खाते वगळून तयार केलेला ‘व्ह्यू’ दाखवावा.

(४) स्क्रिप्टचे मूळ नाव बदलावे. मात्र नाव बदलणे म्हणजे संरक्षण, असे समजू नये.

(५) काम संपताच स्क्रिप्ट सर्व्हरवरून काढून टाकावी. ती कोणी, कधी आणि कशासाठी चढवली व काढली याची नोंद कार्यालयाच्या वहीत ठेवावी.

(६) लेखनाचे काम अपरिहार्य असेल तर आधी डेटाबेसची प्रत घ्यावी आणि ती प्रत उघडते याची खात्री करावी.

(७) होस्टिंग कंपनीची आणि संस्थेच्या प्रशासनाची परवानगी घ्यावी. शासकीय किंवा विद्यापीठाच्या जाळ्यातील फायरवॉलला वळसा घालण्यासाठी बोगदा वापरणे उचित नव्हे.

अधिक चांगले पर्याय

सर्व्हरवर एसएसएचची सोय असेल तर बोगदा त्यातून काढावा. फिनलंडमधील तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये तयार केलेल्या या प्रोटोकॉलमध्ये संपूर्ण प्रवास सांकेतिक स्वरूपात होतो. कार्यालयातील संगणकाचे एखादे मोकळे दार, समजा ३३०७, सर्व्हरवरील ३३०६ शी जोडले जाते. जोडणी अखंड राहत असल्याने एकत्रित व्यवहार, तात्पुरते तक्ते आणि मोठी आयात हेही शक्य होते. बहुतेक डेटाबेस-साधनांत हा पर्याय एचटीटीपी टनेलच्या शेजारीच असतो. अनेक शाखा असलेल्या संस्थेने खासगी आभासी जाळे, म्हणजे व्हीपीएन, उभारणे सोयीचे ठरते. एसएसएच आणि व्हीपीएन दोन्ही उपलब्ध नसतील, तेव्हाच वेब-बोगदा वापरावा.

अध्यापनातील उपयोग

हा विषय प्रयोगशाळेत दोन संगणकांवर शिकवता येतो. एकावर झॅम्पसारखा मोफत संच बसवून काल्पनिक नावांचा डेटाबेस तयार करावा. विद्यार्थ्यांनी प्रथम थेट जोडणी करावी, नंतर फायरवॉलने ३३०६ हे दार बंद करून जोडणी तुटलेली पाहावी आणि मग बोगद्यातून ती साधावी. दुसऱ्या प्रयोगात एका प्रश्नाने एखादे मूल्य साठवून, पुढच्या स्वतंत्र प्रश्नात ते वाचण्याचा प्रयत्न करावा. मूल्य मिळत नाही, यावरून स्मरणाची मर्यादा कळते. तिसऱ्या प्रयोगात वायरशार्क या साधनाने प्रयोगशाळेतीलच वाहतूक पाहावी. साध्या एचटीटीपीत पासवर्ड वाचता येतो, एचटीटीपीएसमध्ये वाचता येत नाही. चौथ्या प्रयोगात देवनागरी आणि उर्दू नावे दोन्ही दिशांनी पाठवून ती अबाधित राहतात का ते तपासावे. खऱ्या विद्यार्थ्यांच्या नोंदी प्रयोगासाठी कधीही वापरू नयेत.

समारोप

वेब-बोगदा हे अडचणीच्या वेळी उपयोगी पडणारे साधन आहे. स्वस्त होस्टिंगवर संकेतस्थळ चालवणाऱ्या ग्रामीण महाविद्यालयाला त्यामुळे आपल्याच नोंदी पाहता येतात. परंतु ज्या पहाऱ्यामुळे वाट बंद होती तो पहारा बोगद्याने ओलांडला जातो. ओलांडलेल्या पहाऱ्याची जागा अधिकार मर्यादित ठेवून, मार्ग सांकेतिक करून आणि काम संपताच स्क्रिप्ट काढून संस्थेने स्वतः भरून काढावी लागते. बोगदा कसा खणावा हे विद्यार्थ्याला एका तासात शिकवता येते. तो कधी खणू नये आणि खणलेला केव्हा बुजवावा, हे शिकवण्यास अधिक वेळ लागतो. अभ्यासक्रमात त्यासाठी जागा राखणे अगत्याचे आहे.